सायकल घ्यायची, पण केवढ्याची?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात पोस्टातून माझ्या हातात ३४ हजार ८४८ रुपये आले. दरमहा ५०० रुपयांप्रमाणे पाच वर्षे भरलेली आवर्ती ठेव पूर्ण झाली होती. २०२० साली खाते उघडले तेव्हा व्याजाचा दर ५.८ टक्के होता, तोच शेवटपर्यंत राहिला. खाते माझ्या नावावर असले तरी ते उघडायला लावले माझ्या पत्नीने. त्या वेळी तिने बजावले होते, "हे पैसे तुमचे. यातून कुणाची फी नाही, कुणाचं औषध नाही, विहाराच्या ट्यूबलाइटी नाहीत. पाच वर्षांनी तुम्हाला काय पाहिजे ते घ्या."

मी तेव्हा हसलो होतो. दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका, अशा माणसाला स्वतःसाठी काय हवे असणार? पण वाचकहो, पैसे हातात आले त्या दिवशी माझ्या मनात एक वस्तू होती आणि ती घरात बोलून दाखवायची मला लाज वाटत होती. मला रोड बाईक घ्यायची होती.

बाईक म्हणजे मोटारसायकल नव्हे. डांबरी रस्त्यावर वेगाने आणि लांबवर जाण्यासाठी बनवलेली सायकल, तिला रोड बाईक म्हणतात. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, अंगठ्याएवढे बारीक टायर. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, साधा स्टँडसुद्धा नाही. म्हणजे आपल्या लोकांना सायकलीकडून जे जे हवे असते, ते काहीच तिच्यात नाही.

हे वेड लागले कसे, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, रोज घाम येईल असे काहीतरी करा. घरात बाबांची बावीस इंची अ‍ॅटलास धूळ खात उभी होती. याच सायकलवरून बाबा लष्करी डेपोत कामाला जात, याच सायकलवरून मी बी.कॉम. होईपर्यंत कॉलेजला गेलो. (त्या अ‍ॅटलास कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी बंद पडले. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.) चौकातल्या चाचांकडून ओव्हरऑयलिंग करून घेतले आणि रविवारी पहाटे देहूरोडहून जुन्या महामार्गाने निघू लागलो. आधी तळेगाव, मग वडगाव, मग कामशेत. तिथे सकाळी सकाळी हेल्मेटवाल्या सायकलस्वारांच्या टोळ्या भेटायच्या. मी मान खाली घालून पायडल मारीत असायचो आणि ते "चलो काका" म्हणत भुर्रकन पुढे जायचे. काका म्हटल्याचे वाईट वाटले नाही, पुढे गेल्याचे वाटले.

एकदा कार्ला फाट्यावर चहा पिताना त्यांच्यातल्या एकाने सांगितले, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायची एक चाल असते, तिला ब्रेव्हे म्हणतात. कुणाला हरवायचे नसते. ठरल्या वेळेत ठरल्या ठिकाणांवर शिक्का घ्यायचा आणि परत यायचे. मी मनातल्या मनात भागाकार केला, तासाला पंधरा किलोमीटरही पडत नाहीत. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जाईना.

आता प्रश्न एकच होता. केवढ्याची घ्यायची?

दुकानात गेलो तर आकड्यांनीच घाम फुटला. २५ हजारांपासून सुरुवात, मग ४०, ६०, लाख आणि कार्बनच्या सांगाड्याची तर दीड-दोन लाखांच्या पुढे. विक्रेता पोरगा गोड बोलणारा होता. "सर, स्वस्त घ्याल तर सहा महिन्यांत बदलावीशी वाटेल. ही ४२ ची घ्या, शून्य टक्के व्याज, महिना फक्त सात हजार." मी विचारले, रोख दिले तर? तो म्हणाला, दोन हजार कमी. आणि हप्त्यांची फी? पाचशे. मी तिथेच त्याच्या पावतीच्या पाठीवर आकडे मांडले. रोखीने ४० हजारांना मिळणारी सायकल हप्त्याने साडेबेचाळीस हजारांना पडते. हे अडीच हजार सहा महिन्यांत, तेही घटत जाणाऱ्या शिलकीवर. दरसाल २१ टक्क्यांहून जास्त व्याज झाले. माझ्या आवर्ती ठेवीला ५.८ टक्के आणि याच्या "शून्याला" एकवीस! बी.कॉम.चा आयुष्यात एवढा उपयोग क्वचितच झाला असेल.

पण हप्ता नाकारला म्हणून किंमत ठरत नाही. जास्त पैशांत नेमके जास्त काय मिळते, ते मला समजून घ्यायचे होते. कचेरीतल्या एका सहकाऱ्याची रोड बाईक दोन रविवार मागून घेतली. पहिल्या रविवारी अक्षरशः उडालो. कामशेतची खिंड पूर्वी उतरून चढावी लागायची, ती बसून चढलो. दुसऱ्या रविवारी मान आखडली, हाताची बोटे बधिर झाली, गुडघ्यात कळ आली. चाचांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "सायकल ५६ ची आणि तुम्ही पाच फूट चार इंच. दुसऱ्याचा शर्ट घातलाय तुम्ही." तिथे पहिला धडा मिळाला. रोड बाईकमध्ये किंमतीच्या आधी माप येते. माप चुकले तर दोन लाखांची सायकलही छळते, आणि माप काही पैसे टाकून बदलत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. बाबांची अ‍ॅटलास भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, साडेएकोणीस किलो भरली. (भंगारवाल्याने लगेच भाव सांगितला. मी म्हटले, नुसते वजन पाहायचे होते. तो मला वेडा समजला असावा.) अ‍ॅल्युमिनियमची साधी रोड बाईक अकरा किलोच्या आसपास भरते, कार्बनची चांगली आठ. म्हणजे साध्या आणि भारी सायकलीत फरक तीन किलोंचा. किंमतीतला फरक सव्वा लाख धरला तरी किलोला चाळीस हजार रुपयांच्या वर भाव पडला. त्या भावात कमाई किती? माझे वजन ७२ किलो. साध्या सायकलीसह ८३, भारी सायकलीसह ८०. चढावर जवळजवळ सारी शक्ती वजन वर नेण्यात जाते, म्हणून वेळेची बचत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढायला मला पन्नास मिनिटे लागली असे समजा, तर वाचतील पावणेदोन मिनिटे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत "घाटाचा राजा" होऊ पाहणाऱ्याला ती पावणेदोन मिनिटे सोन्याची. मला त्या वेळात पाण्याचा घोट घ्यायला थांबायचे असते. शिवाय डॉक्टरांच्या मते माझ्या पोटावर सहा किलो जादा आहे आणि ते फुकटात कमी करता येते.

सपाट रस्त्यावर तर वजनापेक्षा वाऱ्याचे ओझे मोठे असते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो अडथळा सायकलीपेक्षा आपल्या अंगाचाच जास्त असतो. याचा एक नामी दाखला आहे. बेल्जियमचा एडी मर्क्स १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर गेला, पोलादी नळ्यांच्या सायकलवर. पुढे इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ साली हात पुढे ताणून, अंग आडवे करून, खास घडवलेल्या सायकलवर तासात ५६.३७५ किलोमीटर काढले. मग सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवले की हा विक्रम मर्क्सच्या काळासारख्या सायकलवर, तशाच बैठकीने झाला पाहिजे. त्याच बोर्डमनने २००० साली तसा प्रयत्न केला, तेव्हा अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सहून फक्त १० मीटर जास्त! मधल्या अठ्ठावीस वर्षांतली सगळी प्रगती सायकलीच्या घडणीत आणि बैठकीत होती असे म्हणायला हरकत नाही. अ‍ॅटलासवर छाती काढून बसल्यावर जो वारा अंगावर येतो, तो वळलेल्या हँडलवर वाकले की बराच चुकतो. आणि वळलेले हँडल २५ हजारांच्या सायकललाही असते.

गिअरचेही तसेच. शिमानो कंपनीच्या गिअरांची उतरंड टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ आणि पुढे अशी चढत जाते. टूर्नीत मागे सात चकत्या, क्लॅरिसला आठ, सोराला नऊ. वर जावे तसा गिअर हलका पडतो, वजन थोडे घटते, किंमत मात्र भराभरा वाढते. शिवाय वरच्या गिअरांची चेन बदलायची झाली तरी खिशाला जास्त खार लागतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. चाचांचे म्हणणे, "क्लॅरिस-सोरापर्यंत पैसा दिसतो. त्याच्या वर तो तुमच्या पायांना दिसणार नाही."

आता घरचा हिशेब. एका रात्री मी वही घेऊन बसलो आणि पत्नीला समजावू लागलो. आठवड्यातून तीन दिवस मी या सायकलवर कचेरीत जाईन. स्कूटरचे पेट्रोल महिन्याला सहाशे रुपयांनी वाचेल. वर्षाला सात हजार दोनशे. पाच वर्षांत सायकल फुकट. शिवाय साखरेच्या गोळ्या लागणार नाहीत, तो खर्च निराळा वाचला.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन वर्षं अ‍ॅटलास घरात आहे. किती दिवस गेलात कचेरीत?"

मी गप्प.

"खोटे हिशेब कशाला मांडता? आवडते म्हणून घ्यायची आहे म्हणा की. त्यात लाज कसली? आपल्यात कुणी स्वतःच्या आवडीचं काही घेतलं, की त्याला कारण द्यावं लागतं. मी मागे कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला, तेव्हा मुलीच्या अभ्यासासाठी घेतला म्हणून सांगितलं सगळ्यांना. अभ्यासाला कधी दिला मी तो तिला?"

वाचकहो, त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. माझ्या बाबांनी नोकरीच्या पस्तीस वर्षांत स्वतःच्या मौजेसाठी काय घेतले, ते आठवून पाहिले. काही आठवले नाही. त्यांची सायकलसुद्धा कामाला जाण्यासाठी, दळण आणण्यासाठी, आईला दवाखान्यात नेण्यासाठी. गरजेच्या बाहेरचा खर्च म्हणजे उधळपट्टी, असे आपण इतकी वर्षे मानत आलो की गरज आणि उधळपट्टी यांच्या मध्ये आणखी काही असू शकते, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी बायकोने सांगावे लागले.

तरीही गोष्ट तिथे संपत नाही. बातमी वस्तीत फुटली. अभ्यासिकेच्या दारात एका तरुणाने गाठले. "जयभीम भाऊ. ऐकलं ते खरं का? मागल्या महिन्यात तुम्हीच सांगत होता, लग्नात डीजे लावू नका, कर्ज करू नका. आणि तुम्ही तीस-पस्तीस हजारांची सायकल घेताय?" मी म्हणालो, "मी कर्ज काढलेलं नाही. पाच वर्षं साठवलेत." उत्तर बरोबर होते, पण पुरते नव्हते. तो ठेकेदाराकडे काम करतो. माझ्या सायकलीची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीहून जास्त, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. शिवाय अभ्यासिकेला पुस्तकांचे कपाट हवे होते. माझ्या त्या पैशांत कपाट आणि वर एक टेबल आले असते. कपाटासाठी आम्ही घरटी वर्गणी काढली, मी इतरांइतकेच पाचशे रुपये दिले. एरवी मी उरलेली तूट गुपचूप भरून टाकतो. या वेळी भरली नाही. वर्गणी जमायला दोन महिने लागले, पण जमली. त्याबद्दल मला अजून थोडे अवघडल्यासारखे होते, ते लपवीत नाही.

एवढे झाल्यावर मी एक मर्यादा घालून घेतली. ३४ हजार ८४८ ही सायकलीची किंमत नव्हे, तर सायकल, तिचे सगळे सामान आणि पहिल्या वर्षाची देखभाल मिळून एकूण रक्कम. त्याबाहेर एक रुपया नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. सगळे पैसे सायकलीत घालतात आणि मग हेल्मेटला उरत नाहीत. महामार्गावर पहाटे अंधारात जाणाऱ्या माणसाला हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा हे शोभेचे सामान नाही. शिवाय या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, वेगळ्या जातीचा असतो. चौकातल्या पंपाने हवा भरता येत नाही, पंप स्वतःचा लागतो. रस्त्यात पंक्चर झाले तर ते स्वतःलाच काढावे लागते. हे सगळे आणि देखभालीचे तीन हजार वजा करून सायकलसाठी पंचवीस हजार उरत होते.

पंचवीस हजारांत नवी सायकल मिळत होती, सर्वांत खालच्या गिअरांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा आवाक्यात होती. पण चाचांनी जुनी शोधायला लावली. चिंचवडला एकाकडे तीन वर्षे वापरलेली, अ‍ॅल्युमिनियमची, सोरा गिअरची, ५० मापाची सायकल विकायची होती. तो २६ हजार सांगत होता. चाचा माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. त्यांनी आधी मूळ बिल मागितले आणि सांगाड्याखालचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. चोरीची सायकल आपल्या गळ्यात नको. मग सांध्यांवर बोट फिरवून चीर आहे का पाहिले. चाके फिरवून ब्रेकजवळ डोळा लावून बसले. शेवटी खिशातून फूटपट्टी काढली. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस घरे बरोबर बारा इंच भरली पाहिजेत. इथे ती एक सोळांश इंच वाढली होती. "चेन गेली," चाचा म्हणाले, "पण चकत्या अजून खाल्लेल्या नाहीत. चेन, ब्रेकचे रबर आणि तारा बदलायच्या. त्याचे पैसे कमी करा." कार्बनची जुनी असती तर घेऊच दिली नसती, असे ते परतताना म्हणाले. तिच्यातली चीर आत असते, बाहेरून बोटाला लागत नाही.

सौदा साडेतेवीस हजारांना तुटला. वहीत नोंद आहे ती अशी. सायकल २३,५००. चेन, रबर, तारा आणि मजुरी १,८५०. हेल्मेट १,६००, दिवे १,१५०, गादीची चड्डी ८५० (या वस्तूवर घरात जेवढे हसू झाले तेवढे कशावर झाले नाही, पण तीन तास बसायचे तर ती लागते), पंप, दोन ट्यूब आणि पंक्चरचे सामान १,४००, बाटली आणि तिची पकड ३५०, कुलूप ४५०. एकूण ३१,१५०. देखभालीचे ३,००० निराळ्या पाकिटात. शिल्लक राहिले ६९८ रुपये, ते पत्नीने विचारायच्या आत काढून घेतले.

तो तरुण एका संध्याकाळी सायकल पाहायला आला. दोन बोटांनी उचलून पाहिली. "केवढ्याला पडली, भाऊ?" मी खरा आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. पायडल उलटे फिरवून चेनचा आवाज ऐकत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

बाबांना मात्र सायकल पसंत पडली नाही. चौऱ्याहत्तर वय, दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला, सीट दाबून पाहिली, मग सायकलीभोवती एक फेरी मारली.

"घंटी कुठाय?"

"बसवतो, बाबा."

"कॅरिअर?"

"याला नसतं."

ते खुर्चीत बसले. बिल्ल्याच्या काळातले त्यांना आठवले असावे. तेव्हा पोलीस डबलसीट पकडायचा आणि चाकातली हवा सोडायचा. तरी मी दांडीवर आणि आई मागे, असे आम्ही तिघे जायचो. "मग हिच्यावर तू एकटाच जाणार?" त्यांनी विचारले.

"हो बाबा, एकटाच."

"जा की मग," ते म्हणाले. "पण उजाडल्यावर जा."